घोडा का अडला?

भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? आजीनं घातलेल्या या कोड्याचं उत्तर मराठी मुलांना अक्षरओळखीच्या आधीच येतं: न फिरवल्यानं. मोठेपणी उत्तर लक्षात राहतं, पण त्यातला न्याय विसरला जातो. तिन्ही ठिकाणी दोष फिरवणाऱ्याचा आहे. करपली म्हणून भाकरीला कुणी शिव्या देत नाही, सडलं म्हणून पानाला कुणी मारत नाही. घोडा अडला की मात्र निकाल तयार असतो. खोडील आहे, हट्टी आहे, भोवरा वाईट आहे. मग काठी निघते.

मार्गशीर्ष आला की या विषयाला आमच्याकडे ऊत येतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, महिना संपता संपता नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा. तिथून घोडा पिकअपमध्ये उभा करून आणायचा, नवीन जालन्यातल्या एखाद्या गल्लीत दोन गाड्यांच्या मध्ये फरशीवर बांधायचा आणि आठ दिवसांत त्याच्या पाठीवर बसून रील टाकायचं, अशी हौस वाढते आहे. हौसेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या हौसेबरोबर येणाऱ्या एका वाक्याला: ‘घोडा माझा, मीच तयार करणार.’

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ज्याला तयार घोड्यावर नीट बसता येत नाही, त्यानं कोरा घोडा शिकवायला घेऊ नये. आणि ज्याच्याकडे रोजचे दोन तास नाहीत, त्यानं घोडाच घेऊ नये. हे कुणाला उद्धट वाटेल. वाटू द्या. कोऱ्या घोड्यावर कोरा स्वार बसला की दोघांपैकी एकाचं हाड मोडतं आणि घोड्याचा स्वभाव तर हमखास मोडतो.

यावर पहिलं उत्तर येतं ते रक्ताचं. ‘आपल्या रक्तातच घोडा आहे. भीमथडीच्या तट्टांवरून आपले पूर्वज कुठवर गेले! असईची लढाई तर आपल्याच जिल्ह्यात झाली.’ झाली, 1803 साली झाली. पण त्या पूर्वजांनी घोडा कसा सांभाळला, हे त्यांच्याच कागदांत पाहू.

कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे घोड्यांना पाणी पुरवणारा आणि त्यांच्या टापा सांभाळणारा ही माणसं लष्कराच्या मोजणीतच धरलेली होती. बारगिराला घोडा सरकारी मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणत असे. पण दोघांपैकी कुणीही घोडा एकट्याच्या जिवावर पाळत नव्हता. पावसाळ्यात लष्कर छावणीला परतायचं तेव्हा दाणा, वैरण, औषधं आणि गवतानं शाकारलेल्या पागा आधीच तयार ठेवलेल्या असत, हेही सभासद सांगतो.

दुसरा कागद त्याहून बोलका आहे. 1674 साली महाराजांनी चिपळूण भागातल्या छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे. भाषणांत तेवढंच येतं. पण त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या दाण्या-वैरणीच्या हिशेबाचा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आत्ताच वाटेल तशी उधळलीत, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून चुली, विस्तव आणि दिव्याच्या जळत्या वातीपर्यंत काळजी घ्यायला सांगितली आहे. राज्याभिषेक तोंडावर आलेला राजा वैरणीच्या गंजीचा विचार करतो आहे. रक्ताचा दाखला द्यायचाच असेल तर या पत्राचा द्यावा. घोडा उधळल्याचं चित्र गाडीच्या काचेवर लावणं फार सोपं आहे.

आता घोडा शिकतो कसा, ते पाहू. कारण ‘शिकवणं’ या शब्दातच आपली निम्मी चूक दडलेली आहे. शाळेत मास्तर शिकवायला सुरुवात करतात तेव्हा तास सुरू होतो, घंटा वाजली की संपतो. घोड्याचा तास संपत नाही. तुम्ही दाणा टाकायला गेलात, फोनवर बोलत त्याच्या बाजूनं निघून गेलात, त्यानं डोकं मारलं म्हणून दोन पावलं मागे सरलात, या सगळ्यातून तो शिकतच असतो.

बर्लिनमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी हान्स नावाचा एक घोडा गाजला होता. त्याचा मालक गणिताचा निवृत्त शिक्षक. बेरीज विचारली की हान्स खुरानं तेवढे ठोके द्यायचा. 1907 साली ओस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं तपासलं तेव्हा कळलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित चुकतं. बरोबर आकडा आला की माणसाच्या मानेत, चेहऱ्यात जो बारीकसा फरक पडायचा, तो घोडा टिपत होता. मालकानं फसवलं नव्हतं. आपण खूण करतो आहोत हे त्यालाही ठाऊक नव्हतं. लोक ही गोष्ट घोड्याची फजिती म्हणून सांगतात. मला ती ताकीद वाटते. तुमची भीती, तुमची घाई, मघाशी घरात झालेलं भांडण, सगळं त्याच्यापर्यंत पोचतं.

घोडा शिकार होणारं जनावर आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच: कपाळाच्या अगदी पुढची आणि शेपटीच्या थेट मागची. नवशिका नेमका या दोन जागांवरून जातो. समोरून येऊन कपाळावर थाप मारतो, नाहीतर मागून पुठ्ठ्यावर. लाथ बसली की म्हणतो, घोडा मारका आहे. खांद्याच्या बाजूनं, बोलत, हात दाखवत जावं, हे सांगायला शालिहोत्र लागत नाही. पण सांगणारं कुणी तरी जवळ असावं लागतं.

आणि शिकवण्याची किल्ली एवढीच: घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. तुम्ही दोरीला हलका ताण दिलात, त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, त्याच क्षणी दोरी ढिली झाली, तर त्याला कळलं की पाऊल टाकणं हे उत्तर आहे. पाऊल टाकूनही दोरी ताणलेलीच राहिली, तर त्याला कळलं की पाऊल टाकून काही मिळत नाही. तो मान वर करून झटका देतो, तुमच्या हातातून दोरी निसटते, तेव्हा झटका देणं हे उत्तर ठरलं. हा धडा तुम्हीच दिलात. पुढच्या वेळी तो झटका जोरात देईल. तुम्ही जाड लगाम आणाल, मग काटेरी. वास्तविक काटेरी लगामाला 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंदी घातली आहे. दोष होता हाताच्या वेळेत, शिक्षा मात्र जिभेला आणि जबड्याला.

हा सुटण्याचा क्षण ओळखायला हात शांत लागतो. हात शांत राहायला मांड पक्की लागते. ज्याची मांड पक्की नाही तो तोल जाऊ नये म्हणून लगामाला लोंबकळतो, म्हणजे घोड्याच्या तोंडाला लोंबकळतो. म्हणून आधी बसायला शिका, मग शिकवायला, हा क्रम आहे. तो मी मानापमानासाठी सांगत नाही. घोड्याच्या तोंडासाठी सांगतो.

वयाचंही तेच. बाजारात भोवरे पाहणारे जागोजागी भेटतात. देवमण कुठे आहे, पंचकल्याणी आहे का, यावर हजारोंनी भाव चढतो. दात मात्र नीट कुणी पाहत नाही. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडायला लागतात, साडेतीनला दुसरी जोडी, साडेचारला तिसरी, पाचला जबडा भरतो. पाठीच्या मणक्यांची वाढ तर त्याच्याही पुढे चालू राहते. दोन वर्षांच्या शिंगराची उंची पाहून ‘झाला की तयार’ म्हणणारा माणूस त्याच्या कच्च्या पाठीवर आपलं सत्तर-ऐंशी किलोचं वजन टाकतो. त्या वयात शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. मोरकी चढवू देणं, चारही पाय उचलू देणं, उभं राहणं, शेजारून चालणं, गाडीत न घाबरता चढणं. यात रीलसारखं काही नाही, म्हणून ते कुणी करत नाही.

आता ज्या शिकवणीला आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी आहे, तिच्याकडे येतो. वरातीतला नाच. घोड्याला दोन्ही बाजूंनी बांधायचं, ढोलाच्या ठेक्यावर पायांना काठी लावायची, पाय उचलला की थांबायचं, खाली टेकला की परत. दाब सुटण्यातून शिकण्याचं तत्त्व इथंही लागू आहे. फक्त दाबाच्या जागी वेदना आहे. मग लग्नसराईत, एप्रिल-मेच्या जालन्याच्या उन्हात, तापलेल्या डांबरावर, डीजेच्या भिंतीपुढे त्याला उभं करायचं. माणसाला ऐकू न येणारे उंच स्वरही घोड्याला ऐकू येतात, याचा विचार त्या भिंतीजवळ कोण करणार? त्यातून एखादा उधळला आणि वरातीतल्या पोरासोरांत घुसला, की दुसऱ्या दिवशी ‘घोडा बिथरला’ एवढीच बातमी.

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीनं घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं म्हटलं आहे, की जबरदस्तीनं करवून घेतलेल्या गोष्टीत समजही नसते आणि सौंदर्यही नसतं, नर्तकाला चाबकानं आणि टोचणीनं नाचवावं तसं ते आहे. त्यानं नेमकी नाचाचीच उपमा घेतली. तो काही प्राणीमित्र संघटनेचा सभासद नव्हता. लढाईत घोड्यावर जीव टाकणारा माणूस होता, म्हणूनच त्याला हे कळलं होतं.

आणखी एक दृश्य सांगतो. दिवसभर बांधून ठेवलेला घोडा एका पुढच्या पायावरून दुसऱ्यावर वजन टाकत तासन् तास डुलत राहतो. बघे म्हणतात, ‘अंगातच नाच आहे याच्या!’ तो नाच नाही. हालचाल कोंडली, सोबत नाही, चघळायला काही नाही, की घोड्याला जडणारी ती सवय आहे. लाकूड कुरतडणं, दावणीला दात लावून हवा ओढणं ही तिचीच भावंडं. मोकळ्यावर घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरतो. पोट लहान, त्यात आम्ल सतत पाझरतं, आणि उलटी त्याला करता येत नाही. त्याला आपण दोन वेळच्या जेवणावर ठेवतो, त्यातही हौसेनं हरभरा, गूळ, तूप चारतो. मग पोटशूळ होतो, नाहीतर खुरांच्या आत दाह. युरोपात गाडीच्या घोड्यांना रविवारी सुट्टी आणि पूर्ण खुराक मिळाला की सोमवारी कामाला जुंपल्यावर त्यांचे स्नायू आखडून यायचे. त्या दुखण्याला ‘सोमवार सकाळचा आजार’ असंच नाव पडलं होतं. आमच्याकडे तर सहा दिवस रविवार असतो.

तेव्हा घोडा शिकवण्याआधी वहीत काय मांडायचं, ते जालन्यापुरतं मांडतो. पहिलं पाणी. एका घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात काम असेल तर त्याहून जास्त. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे जालनेकराला मी सांगायला नको. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यात पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. तसं वर्ष पुन्हा आलं तर घोड्याचा टँकर कोण भरणार? दुसरं वैरण. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो कोरडा चारा, बाराही महिने. कडब्याचा भाव आषाढात काय होतो, ते मोंढ्यात विचारा. तिसरं जागा. फरशी नको, माती हवी, आणि फिरवायला रोजचा सुरक्षित रस्ता. ज्या गल्लीत मोटारसायकल वळत नाही, तिथं घोडा कुठे वळणार?

चौथं माणसं. बैलाला पत्र्या मारणारा अजून सापडतो, पण घोड्याचे खूर दर सहा-आठ आठवड्यांनी नीट छाटणारा नालबंद शोधावा लागतो. घोड्याची नस जाणणारा डॉक्टर, ज्याला जुने लोक सालोतरी म्हणत, त्याचा नंबर घोडा आणण्याआधी हवा. धनुर्वाताची लस, जंत, आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी. हा शेवटचा रोग माणसालाही होतो, आणि तो निघाला तर घोड्याला दयामरण द्यावं लागतं. बाजारातून घोडा आणताना तपासणीचा कागद मागणं हे भोवरा बघण्याइतकंच सहज व्हायला हवं. पाचवं सोबत. घोडा कळपाचा आहे, त्याला शेजारी दुसरं जनावर लागतं, निदान शेळी तरी. सहावं तुमचा राग. दुकानात नुकसान झालं त्या संध्याकाळी तुम्ही घोडा सोडता, की शांत होऊन उद्यावर ढकलता? या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरच्यांना विचारा. ते खरं सांगतील.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ‘तुम्ही म्हणता जाणत्याकडे द्या. पण मारणारे तर हे जाणतेच आहेत. चाबूकस्वार या शब्दातच चाबूक आहे. त्यापेक्षा मी प्रेमानं शिकवीन.’ खरं आहे, धंदेवाईक शिकवणाऱ्यांत दांडगाई करणारे खूप आहेत आणि कुणाकडे घोडा सोपवून महिनाभरानं ‘तयार’ परत आणणं हा जबाबदारी झटकण्याचाच प्रकार आहे. पण प्रेम म्हणजे कौशल्य नव्हे. प्रेमानं चारलेला जास्तीचा हरभरा खुरात उतरतो. प्रेमानं सोडून दिलेला पहिला चावा सहा महिन्यांनी पोराच्या दंडावर उमटतो. मार आणि लाड यांच्यामध्ये तिसरी वाट आहे: रोज तेच, त्याच वेळी, थोडंसं, आणि जमलं की तिथंच थांबायचं. ही वाट कंटाळवाणी आहे. तिच्यासाठी प्रेमापेक्षा सवय जास्त लागते.

दुसरा आक्षेप: ‘म्हणजे घोडा पैसेवाल्यांनीच पाळायचा?’ उलट. महाराष्ट्रातला उत्तम शिकवलेला घोडा बघायचा असेल तर श्रीमंताच्या फार्महाऊसवर जाऊ नका. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेल्या धनगरांचा वाडा गाठा. त्यांचं तट्टू पाठीवर अख्खा संसार घेऊन चालतं. भांडी, बाज, कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लहान मूल. ट्रक बाजूनं गेला तरी ते बुजत नाही. याच भीमथडी तट्टांची आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. ती कुणी कुठल्या मैदानात शिकवली? शिंगरू आईच्या बाजूनं चालत मोठं झालं, रोज दहा-वीस किलोमीटर, माणसांच्या, कुत्र्यांच्या, मेंढरांच्या गराड्यात. पाठीवर आधी थोडं ओझं आलं, मग जास्त. धनगराकडे पैसा नाही, पण घोड्याला लागतो तो वेळ आहे, चाल आहे, सोबत आहे. आपल्याकडे पैसा आहे आणि या तिन्हींचा दुष्काळ आहे.

घोड्यांच्या तालमीवरचा जगातला सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा मजकूर तुर्कस्तानात हित्ती राजधानीच्या उत्खननात मातीच्या पाट्यांवर सापडला. इसवी सनापूर्वी चौदाशेच्या आसपासचा, मितन्नी देशच्या किक्कुली नावाच्या माणसाचा. किती महिने, कोणत्या दिवशी किती पळवायचं, किती पाणी, किती चारा, कधी आंघोळ, असा तो रोजचा तक्ता आहे. त्यात फेऱ्यांसाठी आलेले शब्द आपल्या कानाला ओळखीचे वाटतील: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात वर्तनं. वर्तन म्हणजे फेरा. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं घोड्याच्या शिक्षणात फेरेच मोजले होते, आणि आजीचं कोडंही तेच सांगत होतं.

बिघडलेल्या घोड्याचं पुढे काय होतं, हे हौशी माणूस सहसा पाहत नाही. लाखांत घेतलेला घोडा अडायला लागला, चावायला लागला, की वर्षा-दोन वर्षांत विकला जातो. आधी वरातवाल्याकडे, मग टांग्याला, शेवटी वीटभट्टीवर. प्रत्येक पायरीवर किंमत कमी होते आणि मार वाढतो. त्या उतरंडीची पहिली पायरी म्हणजे ‘मीच तयार करणार’ म्हणणाऱ्याचं अंगण. तिथं घोडा बिघडला नसता तर पुढचा रस्ता उघडलाच नसता. म्हणून ही केवळ हौसेची, चवीची गोष्ट राहत नाही. पंचवीस-तीस वर्षं जगणाऱ्या जनावराच्या आयुष्याचा निकाल पहिल्या वर्षभरात लागतो.

तेव्हा येत्या मार्गशीर्षात बाजाराला जरूर जा. घोडे बघा, दात बघायला शिका, खूर उचलून बघा, मालक गेल्यावर घोडा कसा उभा राहतो ते बघा. आणि हात हलवत परत या. मग घोडा पाळणाऱ्या एखाद्या माणसाच्या पाया पडून त्याच्याकडे सहा महिने पहाटे जा. लीद काढा, खरारा करा, त्याच्या म्हाताऱ्या घोडीला दोरीनं धरून पायी फिरवा. पावसात जा, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जा, अंगात कणकण असताना जा. सहा महिन्यांत किती खाडे झाले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा. खाडे बोटावर मोजण्याइतके असतील तर पुढच्या मार्गशीर्षात घोडा घ्या. जास्त असतील तर म्हातारीलाच फिरवत राहा, तिलाही त्याची गरज आहे.